सिग्नलच्या हातालाही पाठ असते

मॉडेल रेल्वेवाल्या मित्रांशी माझं एक भांडण आहे, ते आज एकदाचं लिहून टाकतो. ही मंडळी इंजिनावरच्या एकेका रिव्हेटसाठी रात्र रात्र जागतात. डब्यांचा रंग जरा जास्तच तपकिरी झाला म्हणून अख्खी गाडी परत रंगवतात. आणि सिग्नलची वेळ आली की पाकीट फोडलं, हात काढला, फेव्हिक्विकनं खांबाला चिकटवला, झालं! पुढून लाल, मागून प्लास्टिकचा जो काय रंग असेल तो. फारच हौस असली तर वरून थोडा गंज लावायचा, म्हणजे फोटो बरा येतो.

आता तुम्ही म्हणाल, चौदा मिलिमीटरच्या पट्टीवरून एवढा त्रागा कशाला? तर त्याचं कारण असं. इंजिन चुकीच्या रंगाचं झालं तर ते चुकीच्या रंगाचं इंजिन असतं, बाकी काही बिघडत नाही. सिग्नलचा हात चुकीच्या रंगाचा झाला तर तो दुसराच सिग्नल होतो. त्याचा अर्थच बदलतो. आमच्या भाषेत सांगायचं तर इंजिनाचा रंग ही थीम आहे, सिग्नलचा रंग हा डेटा आहे.

थोडी पार्श्वभूमी. मी मूळचा ताडकळसचा. आमच्या गावाला रेल्वे नाही. रेल्वे बघायची तर एस.टी. धरून पूर्णेला जायचं. तिथं मामांचं घर होतं आणि मामा रेल्वेत होते. मोठं काही पद नव्हतं, दिव्यांचं काम. संध्याकाळी रॉकेलचे दिवे भरायचे, काचा पुसायच्या, शिडीवरून सिग्नलवर चढून दिवा बसवायचा आणि सकाळी परत फेरी. मी सध्या जो बोर्ड बनवतोय (सहा फूट बाय दोन फूट, पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ह्याहून मोठा मावत नाही) तो परभणी ते पूर्णा ह्या टप्प्यातल्या पिंगळी-मिरखेलसारख्या एखाद्या लहान स्टेशनाचा आहे, मीटरगेजच्या काळातला. पूर्ण झाला की तो ताडकळसला शाळेत ठेवायचा आहे. भांडणाचं खरं मूळ इथंच आहे. पुण्यातल्या हौशी लोकांना मी एक सिग्नल चुकवला तर कोणी तरी हटकेल. ताडकळसच्या पोरांनी मीटरगेज पाहिलेलंच नाही. मी जे रंगवीन तेच त्यांच्या डोक्यात "तेव्हाचं पूर्णा" म्हणून बसणार.

ही लाइन म्हणजे जुनी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे. निजामाच्या राज्यातून सिकंदराबादहून मनमाडपर्यंत मीटरगेज, १९०० च्या आसपास सुरू झालेली. पुढं १९५१ मध्ये निजाम स्टेट रेल्वे मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली, २००३ मध्ये नांदेड विभाग झाला. नव्वदच्या दशकात मनमाड-परभणी-नांदेड हा पट्टा ब्रॉडगेज झाला आणि नंतर २००७-०८ च्या सुमाराला पूर्णा-अकोलाही. अकोल्याच्या पुढं खंडव्यापर्यंत मीटरगेज राहिलं होतं, तेही २०१७ च्या सुरुवातीला बंद झालं. रूळ उखडले, इंजिनं भंगारात गेली, आणि त्याबरोबर हात गेले. इंजिनांचे फोटो आहेत. वायपी, वायजी इंजिनांमागं परदेशातून लोक कॅमेरे घेऊन फिरायचे. पण त्या फोटोंत सिग्नल येतो तो कोपऱ्यात, अर्धा कापलेला, आणि बहुतेक वेळा ब्लॅक अँड व्हाइट.

ह्या सिग्नलांचं नाव "लोअर क्वाड्रंट". हात आडवा म्हणजे थांबा. हात खाली झुकला, पंचेचाळीस ते साठ अंश, म्हणजे या. दुसरा प्रकार "अप्पर क्वाड्रंट", त्यात हात वर उचलला जातो. हा फरक आपल्या भाषेत कसा मुरलाय बघा. आमच्याकडं म्हातारी माणसं अजून म्हणतात, "सिग्नल पडला, चला!" म्हणजे गाडी येतेय, पिशव्या उचला. पुण्यात चौकात उभं राहून "सिग्नल पडला" म्हटलं की त्याचा अर्थ लाल लागला, थांबा! एकच वाक्य, अर्थ बरोबर उलटा. पहिलं वाक्य त्या खाली पडणाऱ्या हातामुळं आलं. माझ्या बोर्डावर मी वर जाणारा हात लावला, तर पोरांना आजीचं वाक्यच कळणार नाही. तसंच "गाडी आऊटरला उभी आहे". नव्या रंगीत दिव्यांच्या पद्धतीत बहुतेक स्टेशनांना आऊटर नावाचा सिग्नलच नसतो, डिस्टंट आणि होम असतात. तरी गाडी मात्र अजून आऊटरलाच उभी राहते :-)

असो. मुद्द्यावर येतो. हात आणायचे कुठून?

भारतीय पद्धतीचे तयार हात दुकानात मिळणं कठीणच. जर्मन सिग्नल देखणे असतात, कारागिरी फर्स्ट क्लास, पण आपल्याला निरुपयोगी. त्यांचा हात उजवीकडं असतो, टोकाला गोल तबकडी असते आणि तो वर जातो. आपला हात ड्रायव्हरच्या बाजूनं बघितलं तर खांबाच्या डावीकडं, चौकोनी टोकाचा, आणि खाली जातो. सगळ्यात जवळचं म्हणजे इंग्लंडच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं किट. बाकीच्या ब्रिटिश कंपन्या अप्पर क्वाड्रंटकडं गेल्या तरी ग्रेट वेस्टर्न शेवटपर्यंत लोअर क्वाड्रंटवर अडून राहिली. तिचं किट १:७६ चं, माझा बोर्ड १:८७ चा. चार फुटी हात त्यांच्यात सोळा मिलिमीटर, माझ्यात चौदा. टोकाकडून दोन मिलिमीटर कानशीनं घासले की काम होतं. (जाता जाता: १:८७ मध्ये मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर येतं आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो, म्हणजे जवळपास अचूक. आपलं ब्रॉडगेज सव्वाएकोणीस येतं आणि सगळे साडेसोळावर चालवतात. मीटरगेजवाल्यांना कधी नव्हे तो मान मिळतो तो इथं.)

ह्या किटमध्ये एक सापळा आहे. माशाच्या शेपटीसारखं टोक असलेला जो हात असतो तो ब्रिटनमध्ये १९२० च्या दशकापासून पिवळा होत गेला, त्यावर काळा व्ही. भारतातही अप्पर क्वाड्रंटचा डिस्टंट असाच, पिवळा आणि काळा. त्यामुळं लोक डोळे झाकून पिवळा फासतात. पण आपल्या लोअर क्वाड्रंटचा वॉर्नर लाल असायचा, लाल हातावर पांढरा व्ही. पिवळा वॉर्नर आणि खाली पडणारा होम एकाच स्टेशनात दाखवणं म्हणजे दोन वेगळ्या नियमांची पानं एकत्र शिवल्यासारखं आहे.

मग साहजिकच प्रश्न येतो. वॉर्नरही लाल आणि होमही लाल, तर रात्री ड्रायव्हरला कळायचं कसं? शेपटी अंधारात दिसत नाही. उत्तर फार सुंदर आहे. वॉर्नर एकटा उभा असेल तर त्याच्या हाताच्या वर दीड-दोन मीटरवर एक हिरवा दिवा कायमचा लावलेला असायचा. न हलणारा. वर हिरवा खाली लाल, म्हणजे हा वॉर्नर आहे, पुढं जा पण थांबायच्या तयारीनं. वर हिरवा खाली हिरवा, म्हणजे बिनधास्त जा. नुसता एकटा लाल, म्हणजे थांबच. मॉडेलमध्ये हा वरचा हिरवा दिवा मी जवळजवळ कुठंच पाहिलेला नाही. का, तर किटमध्ये येत नाही. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अन मग वॉर्नर कशाला उभा केला? त्याच दिव्यासाठी दुसऱ्यांदा चढायचो की आम्ही."

आता रंगकाम. पांढऱ्या प्रायमरचा हात आधी. करड्या प्रायमरवर लाल मारला तर तो विटकरी दिसतो, कारण लाल रंग झाकायला कमजोर असतो. प्रायमरवर पांढऱ्याचा एक पातळ हात. मग जिथं पांढरा पट्टा हवा तिथं मास्किंग टेपची अडीच-पावणेतीन मिलिमीटरची चिंधी, टोकापासून थोडी आत, टोकाला समांतर. आता एक युक्ती: टेपच्या कडेवरून परत पांढराच रंग फिरवायचा. कडेखाली जो काय रंग शिरायचा तो पांढरा शिरतो आणि फट बंद होते. मग लाल, दोन पातळ हात. लाल थोडा ओला असतानाच टेप ओढायची, पूर्ण वाळू दिली तर कडेचे टवके निघतात. वॉर्नरच्या व्हीसाठी टेप तिरकी कापून दोन तुकडे जोडावे लागतात, आणि तिथं मात्र शिव्या तोंडात येतात. डीकल मिळतात, मान्य. पण डीकलचा पट्टा हाताच्या कडेवरून वळत नाही, बाजूनं बघितलं की चिकटवलेला कागद दिसतो. प्लास्टिकच्या हातावर नेलपॉलिशचा मोह टाळा. चमक झकास येते, पण त्यातलं द्रावक प्लास्टिक मऊ करतं.

आणि मग हात उलटा करा. माझं भांडण ज्यावर आहे ती ही बाजू.

हाताची पाठ पांढरी असते आणि तिच्यावर काळा पट्टा, पुढच्या पांढऱ्या पट्ट्याच्या बरोबर मागं. ही सजावट नाही. पुढची बाजू ड्रायव्हरसाठी आहे, मागची स्टेशनासाठी. येणाऱ्या गाडीचा होम सिग्नल गाडीकडं तोंड करून उभा असतो, म्हणजे स्टेशन मास्तरला आणि केबिनमनला तो पाठमोराच दिसतो. केबिनमध्ये लिव्हर ओढला म्हणजे तिकडं हात पडलाच असं नाही. मधे शेकडो मीटर तार आहे, कप्प्या आहेत, उन्हानं तार वाढते, थंडीत आखडते. लिव्हर ओढणं ही रिक्वेस्ट झाली. पाठीवरचा काळा पट्टा तिरका दिसला की रिस्पॉन्स आला. पांढऱ्या पाठीचा हात आभाळासमोर, झाडासमोर, कुठंही दिसला पाहिजे, म्हणून काळा पट्टा. ही पाठ कोरी सोडली तर तुमच्या बोर्डावरचा स्टेशन मास्तर आंधळा आहे. मग त्याच्या टेबलावर छोटी दौत आणि छोटं रजिस्टर ठेवून काय उपयोग? (ठेवतात लोक. मी पाहिलंय.)

शिवाय बघणारे कुठं उभे राहतात ह्याचाही विचार करा. बोर्डाभोवती सगळीकडून माणसं फिरतात. दोन्ही दिशांचे सिग्नल असतात, त्यामुळं कुठंही उभं राहिलं तरी निम्मे हात पाठमोरेच दिसणार. म्हणजे "मागून कोण बघतंय" हा युक्तिवाद मुळातच टिकत नाही.

रात्रीसाठीही मागची सोय होती, आणि ही मला सगळ्यात जास्त आवडते. दिव्याच्या डबीला मागून एक बारीक भोक. हात आडवा असेल तर त्यातून पांढरा ठिपका स्टेशनाकडं दिसायचा. हात पडला की चष्म्याबरोबर फिरणारी एक छोटी झडप त्या भोकावर यायची आणि ठिपका गायब. मास्तर ऑफिसच्या दारातून बघणार: ठिपका आहे, हात आडवा आहे. ठिपका गेला, हात पडला. माझ्यातला इंजिनियर लगेच जागा झाला. म्हटलं, मामा, ठिपका नसणं म्हणजे हात पडला की दिवा विझला, हे कसं कळायचं? मामा हसले. "म्हणून तर वाऱ्याच्या राती झोप नव्हती. दिवा गेला की चढा." मॉडेलमध्ये हे करायला अर्ध्या मिलिमीटरचं भोक आणि काळ्या कागदाचा कपटा पुरतो. दोन होम सिग्नलांना मी केलंय. खोलीतला दिवा बंद करून हात पाडला आणि ठिपका मिटला, त्या क्षणाला बायकोनंही "अरे वा" म्हटलं. ह्या घरात मॉडेल रेल्वेला मिळालेलं हे पहिलं सर्टिफिकेट.

पुढच्या काचांबद्दल. हिरवा एलईडी लावू नका. खऱ्या चष्म्यातली "हिरवी" काच बरीचशी निळसर असायची. रॉकेलची ज्योत पिवळी, तिच्यापुढं निळसर काच आली की प्रकाश हिरवा दिसतो. दिवसा मात्र ती काच निळसरच दिसायची. म्हणून वॉर्म व्हाइट एलईडी, पुढं पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर निळा-हिरवा मिसळलेला ग्लास पेंट, जो शाळेच्या प्रोजेक्टवाल्या दुकानात मिळतो. रात्री हिरवा आणि दिवसा निळसर, दोन्ही एका फटक्यात. अजून मागं गेलं तर इंग्लंडात "मोकळा रस्ता" पांढऱ्या दिव्यानं दाखवायचे. लाल काच फुटली की थांब्याचा दिवा आपोआप पांढरा व्हायचा, म्हणजे या! म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा सोडून हिरव्यावर आले. काचेचा रंग निवडताना ती फुटल्यावर काय दिसेल ह्याचा विचार आधी करावा लागतो, हे शिकायला रेल्वेलाही बरीच वर्षं लागली.

हातांचंही तसंच. २१ जानेवारी १८७६ ला इंग्लंडात ॲबट्स रिप्टनला बर्फाच्या वादळात हात "मोकळा" ह्याच स्थितीत गोठून बसले. तेव्हा हात खांबाच्या खाचेत शिरलेला म्हणजे मोकळा, आणि बर्फ खाचेतच भरला. एक्सप्रेस कोळशाच्या मालगाडीवर गेली आणि मग त्या ढिगावर दुसरी एक्सप्रेस. त्यानंतर तिथं नियम उलटा झाला: हात एरवी आडवाच राहणार, गाडीपुरताच पडणार. आपल्याकडं पूर्णेला बर्फ नाही, पण तार तुटतेच. तेव्हा चष्म्याचं आणि लिव्हरच्या वजनाचं ओझं हाताला परत आडवं करतं. इथं मॉडेलवाल्यांना, म्हणजे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना, एक टोमणा: सर्व्हो मोटरची वीज गेली की ती आहे तिथंच राहते. पडलेला हात पडलेलाच. मी सर्व्होला हात थेट जोडलेला नाही. सर्व्हो फक्त ओढते, परत आणायला शिशाचा तुकडा टांगलाय, आणि वीज गेली की एक छोटं रिले ओढणारा दोरा सोडून देतं.

आता वेदरिंग. माझं मत कडक आहे. खांब मळवा, शिडी मळवा, पायथ्याला काळ्या मातीचा थर द्या, दिव्याच्या डबीवर काजळी दाखवा. हाताला हात लावू नका. ह्याला विरोध करणारे म्हणतात, उन्हानं रंग उडतोच, मराठवाड्याचं ऊन काय कमी आहे? ऊन कमी नाही, पण हाताचा रंग उडू न देणं हे कोणाचं तरी रोजचं काम होतं. माणसं चढून पुसत होती, रंग देत होती. गंजलेला हात दाखवला तर तुम्ही दाखवताय की हे स्टेशन कोणी सांभाळत नव्हतं. बंद पडलेल्या स्टेशनाचं मॉडेल करायचं असेल तर जरूर गंजवा, पण मग नियमानुसार वापरात नसलेल्या हातावर दोन आडव्यातिडव्या पट्ट्यांची फुली ठोका. चालू सिग्नल गंजका आणि त्याच्याखालून झकपक गाडी जातेय, हे मला बघवत नाही. मामा हयात आहेत, डोळे अधू झालेत, पण भिंग घेऊन बघतात. त्यांच्या हातात गंजका हात द्यायची माझी तरी हिंमत नाही.

दोन होम झालेत, एक आऊटर झालाय. दोन वॉर्नर बाकी आहेत, त्यांचे व्ही आणि वरचे हिरवे दिवे. पुढच्या महिन्यात शाळा सुरू व्हायच्या आत बोर्ड ताडकळसला न्यायचाय, एस.टी.नं शक्य नाही, टेम्पो बघतोय. तोवर एक विनंती. परभणी, पूर्णा, हिंगोली, वाशिम ह्या बाजूच्या लोकांनी घरातले जुने अल्बम काढून बघा. लग्नाला निघालेलं वऱ्हाड प्लॅटफॉर्मवर उभं आहे, मागं रेल्वे आहे, असा रंगीत फोटो असेल तर माणसांकडं बघू नका. त्यांच्या डोक्यावरून मागं बघा, पांढरा हात आणि काळा पट्टा दिसतो का. आऊटरच्या खांबाचा खालचा भाग नक्की कोणत्या रंगाचा होता ह्यावर मामांचं आणि त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचं अजून एकमत झालेलं नाही, आणि तेवढा भाग मी सध्या कोरा ठेवलाय.